रिव्हर ब्लाइंडनेस: गोळी वाटली म्हणजे काम झालं का?

वाळपईकर
आयव्हरमेक्टिन हे नाव गोव्यात घरोघरी पोचलं मे २०२१ मध्ये. कोविड टाळायला १८ वर्षांवरच्या सगळ्यांना १२ मिग्रॅ, पाच दिवस, अशी घोषणा झाली होती. या गोळीचं खरं कर्तृत्व मात्र आफ्रिकेत, काळ्या माशीतून पसरणाऱ्या, जंतामुळे होणाऱ्या आणि आंधळं करणाऱ्या रिव्हर ब्लाइंडनेस या रोगावर. १९८७ पासून मर्क कंपनी ती त्यासाठी फुकट देते. माझ्या मते उपचाराचं मूल्यमापन वाटपाच्या वहीवरूनच व्हावं. उंचीची काठी लावायची: ९० ते ११९ सेंमी एक गोळी (३ मिग्रॅ), १४० पर्यंत दोन, १५८ पर्यंत तीन, त्यावर चार. समोर गिळायला लावायची. ना वजनकाटा, ना डॉक्टर. एकूण वस्तीच्या ६५% लोकांनी घेतली की गाव पास.

सूक्ष्मदर्शी
अहो, पण ६५% कशाचे? छेद, म्हणजे एकूण माणसांचा आकडा, कुठून आणला? वहीतल्या हजार माणसांपैकी ६५० जणांनी गिळली, ठीक. शेतावर राहायला गेलेले दीडशे वहीत लिहिलेच नसतील तर तोच आकडा ५७% वर येतो.

शिवाय दरवर्षी चुकवणारी तीच माणसं असली तर? प्रौढ जंत १०-१५ वर्षं जगतो. आयव्हरमेक्टिन कातडीतल्या अळ्या मारतं, मादीची पैदास काही महिने रोखतं, जंत तसाच राहतो. ही सलग चुकवणारी मंडळी वहीच्या टक्केवारीत दिसतच नाहीत.

वाळपईकर
मग काय, कातडी कापायची? कमरेच्या दोन्ही हाडांवरून एकेक कण, सलाइनमध्ये २४ तास, मग अळ्या मोजा. पुढच्या वर्षी लोक दार लावून घेतील.

सूक्ष्मदर्शी
कापा, पण वेळ बघून. गोळीनंतर महिन्याभरात कापलं तर अख्खं गाव निरोगी दिसतं. पुढच्या फेरीच्या ऐन तोंडावर कापलं तरच काही कळतं. आणि वाटप थांबवायचा निर्णय यावर नसतोच. जागतिक आरोग्य संघटनेचे २०१६ चे निकष बघा: दहा वर्षांखालच्या मुलांत ओव्ही-१६ प्रतिपिंडं (या जंताविरुद्ध रक्तात तयार होणारी) ०.१% हून कमी, आणि किमान ६००० माश्यांची पीसीआर (जंताचा डीएनए शोधणारी चाचणी). मोठ्यांच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या खुणा असतात, म्हणून लहान मुलं.

आकडेमोड
०.१% म्हणजे २००० मुलांत दोन! चाचणी १०० निरोगी मुलांत एकाला जरी चुकून पॉझिटिव्ह दाखवत असली, तरी वीस येतील आणि स्वच्छ गाव नापास होईल. पॉझिटिव्ह मुलांची कातडी पीसीआरने तपासल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि वाळपईकर, मध्य आफ्रिकेतल्या लोआ लोआ या दुसऱ्या एका जंताच्या पट्ट्यात तुमचा ६५% चा आग्रह महागात पडेल. रक्तात मिलिलिटरमागे ३०,००० हून जास्त लोआ अळ्या असल्या तर याच गोळीने रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. तिथे आधी बोटातून रक्त, मग गोळी. (आपल्याकडची हत्तीरोगावरची डीईसी गोळी रिव्हर ब्लाइंडनेसच्या भागात सरसकट वाटता येत नाही, तेही असंच: अळ्या एकदम मरतात आणि डोळ्यांवर बेततं.)

वाळपईकर
लोआचं मान्य. टक्केवारीच्या छेदासाठी घरोघर जाऊन, गोळी दाखवून, ‘ही घेतली का?’ असं स्वतंत्र सर्वेक्षण करा. पण माश्यांच्या पीसीआरची सोय नसलेल्या ठिकाणी वाटप चालू ठेवणंच बरं.

सूक्ष्मदर्शी
चालू ठेवा, पण किती वर्षं? थांबवल्यावरही ३ ते ५ वर्षं माश्या तपासाव्या लागतातच. म्हणजे प्रयोगशाळेचा खर्च टळत नाही, फक्त पुढे जातो.