इंटरकॉमवर घुंऽऽ आवाज: केबल बदलू की अर्थिंग बघू?

तळमजला:
मंडळी, तीन मजली इमारत आहे. अ‍ॅम्प्लिफायर आणि इंटरकॉमचा मास्टर खाली, वर १२ स्पीकर आणि ५ इंटरकॉम. घोषणा स्वच्छ ऐकू येतात. पण तिसऱ्या मजल्याचं ऐकायला बटण दाबलं की घुंऽऽ आधी येतं आणि माणूस मागून. लिफ्ट सुरू झाली की वर एक कट्ट. वायरमन म्हणतो, सगळीकडे शील्डेड केबल (तारांभोवती धातूचं आवरण, म्हणजे शील्ड, असलेली) ओढा, स्पीकरलासुद्धा, आणि शील्डला दोन्ही टोकांना अर्थ द्या. भिंती फोडायच्या आधी विचारतोय, कोणती केबल घेऊ?

जुना_सोल्डर:
अजून काहीच घेऊ नका. स्पीकरच्या वायरला शील्ड लागत नाही. तिथे सिग्नल दांडगा असतो, गुणगुण त्याच्यापुढे दिसतही नाही. तिथे बघायची ती तारेची जाडी.

इंटरकॉमची गोष्ट वेगळी. बऱ्याच साध्या संचांत वरचा स्पीकरच मायक्रोफोनचं काम करतो. तुम्ही बोलता तेव्हा त्या तारेतून काही व्होल्ट जातात. ऐकायला लागलात की त्याच तारेतून उलट्या दिशेने जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, आणि मास्टर ते वाढवतो. सोबत आलेली गुणगुणही तेवढीच वाढते. घोषणा स्वच्छ आणि ऐकताना घुंऽऽ, याचा अर्थ बहुतेक हाच. तुमचा संच तसाच आहे का, तेवढं सांगा.

तळमजला:
हो, वर वेगळा माईक नाही, एकच गोल स्पीकर. केबल चार जोड्यांची आहे, शील्डवाली. म्हणजे शील्ड आहेच की!

हळू_आवाज:
मी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकली, गुणगुण गायब. दोन मिनिटांचं काम.

जुना_सोल्डर:
कृपा करून ती पिन आज परत लावा. ती आवाजासाठी नसते. आत इन्सुलेशन गेलं तर पेटीला हात लावणाऱ्याला वाचवायला असते. अर्थ लूप (दोन जागी अर्थ मिळाल्याने तयार होणारा, गुणगुण आणणारा फेरा) तोडायचा तर सिग्नलच्या बाजूने तोडायचा, १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून; आवाज पुढे जातो, तारेचा थेट जोड तुटतो. अर्थ तोडून शांतता मिळते, मान्य, पण तो सौदा मी कोणाला सुचवणार नाही.

तळमजला, शील्ड आहे म्हणून सुटलात असं नाही. शील्डचं फॉइल विद्युत क्षेत्र अडवतं. मेन्सच्या तारेभोवतीचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्या पातळ फॉइलला जुमानत नाही. त्याला पुरून उरतो तो पीळ. पिळलेल्या जोडीत दोन्ही तारांना जवळजवळ सारखीच गुणगुण लागते आणि पलीकडे ती एकमेकींना मारते. म्हणून आधी बघा, जाणारी आणि येणारी तार एकाच जोडीतली आहे ना? एक निळ्या जोडीतली, दुसरी नारिंगीतली असा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता झाकण उघडताच तिकडेच बघतो. आणि शील्डचा परतीची तार म्हणून वापर तर अजिबात नको.

मोजूनबघ:
मोजून ठरवा. मास्टरवरून तिसऱ्या मजल्याची जोडी काढा, तिच्या जागी ८ ओहमचा रेझिस्टर लावा आणि ऐका. शांत असेल तर मास्टर निर्दोष. मग जोडी परत लावा, वरचा स्पीकर सोडवा आणि तोच रेझिस्टर त्या टोकाला लावा. तरी घुंऽऽ राहिलं तर दोष लाइनचा.

पुढे सगळं बंद करा, मास्टरकडचं शील्ड सुटं करा आणि वरची लोखंडी पेटी ते शील्ड असा मल्टिमीटर लावा. जोड दिसता कामा नये. दिसला तर दोन्ही टोकं अर्थला आहेत, आणि दोन जागच्या अर्थमध्ये थोडा जरी फरक असला तरी शील्डमधून प्रवाह वाहतो. शील्डला अर्थ एकाच टोकाला, मास्टरकडे. वायरमनचा दोन्ही टोकांचा आग्रह रेडिओच्या उपद्रवाला बरा, गुणगुणीला नाही. रेडिओ ऐकू यायला लागला तर दुसऱ्या टोकाला ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, थेट तार नको.

स्पीकरचा हिशोबही देऊन ठेवतो. १.५ चौरस मिमी तांब्याची तार ४० मीटर नेली तर जाऊन येऊन साधारण ०.९ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरवर पाचवा हिस्सा पॉवर कमी मिळते. ०.५ चौरस मिमी घेतली तर जवळजवळ निम्मी जाते. १०० व्होल्ट लाइनवर (जिथे प्रत्येक स्पीकर छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून जोडतात) १० वॉटचा टॅप (त्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेली पॉवर) म्हणजे १००० ओहम, तिथे हे ०.९ कोणी विचारत नाही. फक्त ती लाइन चालू असताना उघड्या तारेला हात लावू नका, झटका बसतो. आणि ती इंटरकॉमच्या पाइपातून नेऊ नका.

तळमजला:
आज वर चढलो. जोड्या ठीक निघाल्या. पण शील्डची उघडी ड्रेन तार (शील्डला लागून जाणारी, त्याला अर्थ द्यायची तार) पेटीच्या स्क्रूखाली व्यवस्थित पिळून आवळलेली! ती कापली, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली. घुंऽऽ जवळजवळ गेलं, कान लावला तरच कळतं. लिफ्टचा कट्ट मात्र तसाच आहे. केबल तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या पॉवर केबलला चिकटून चालते, अगदी एकाच ट्रेमध्ये.

जुना_सोल्डर:
मग आता केबल हलवा, बदलू नका. निदान ३० सेमी लांब, आणि ओलांडावी लागलीच तर काटकोनात.

हळू_आवाज:
पिन लावली. घुंऽऽ परत आलं. १:१ ट्रान्सफॉर्मर मिक्सरच्या बाजूला लावायचा की अ‍ॅम्पच्या?

जुना_सोल्डर:
मिक्सर आणि अ‍ॅम्पच्या मधल्या केबलमध्ये, अ‍ॅम्पच्या टोकाला. शील्ड ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे जोडून नेऊ नका, नाहीतर लूप जसाच्या तसा.