बाबांचं फॉक्सप्रो माझ्या मोबाईलवर चालतंय. आता माळ्यावरचा डबा भंगारात द्यावा की नाही?

चादरवाल्याचा_पोरगा
सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा चादरीचा छोटा कारखाना. १९९६ साली बाबांनी नवी पेठेतल्या एका पोराकडून फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये पगाराचा प्रोग्रॅम करून घेतला होता. मागवाल्यानं आठवड्यात किती नग विणले, उचल किती घेतली, हातात किती द्यायचे, एवढंच काम. तो संगणक बरीच वर्षं माळ्यावर पडून आहे. दिवाळीची साफसफाई निघाली की आई विचारते, "हा डबा देऊ का भंगारवाल्याला?" आणि बाबा ऐकू न आल्यासारखं करतात.

गेल्या रविवारी त्याची हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला लावली आणि अख्खं फोल्डर मोबाईलवर घेतलं. सगळं मिळून ११ एमबी. आमच्या फॅमिली ग्रुपवरचा गुड मॉर्निंगचा व्हिडिओ याहून जड असतो. डॉसबॉक्स म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, त्यावर आधारलेलं एक ॲप टाकलं, फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट केलं, आणि आला की पडदा! पासवर्ड मागितला. मी बघतच राहिलो. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतः टाईप केला. त्यांना अजून पाठ.

माझं मत सरळ आहे. ६४ बिटच्या विंडोजवर असले १६ बिटचे प्रोग्रॅम थेट उघडत नाहीत, मोबाईलवर उघडतात. मग डबा कशाला सांभाळायचा? बोला.

खडूस_हिशेबनीस
उघडलं आणि चाललं यात फरक आहे, मालक. आठवड्याचा पगार काढून दाखवा त्याच्यावर. निम्मा स्क्रीन कीबोर्ड खाणार, कंट्रोल डब्ल्यू दाबताना अंगठा तिसरीकडेच पडणार. डॉसबॉक्स मुळात गेमसाठी लिहिलेला. त्याच्या अधिकृत आवृत्तीत प्रिंटरची सोयच नाही. पावत्या कशावर काढणार? आपण मातीचे बैल पुजतो, नांगराला जुंपत नाही.

माहिती हवी असेल तर फॉक्सप्रोची माहिती असलेली डीबीएफ फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडा, एक्सेलमध्ये साठवा, विषय संपला. मोबाईलही नको आणि डबाही नको.

सातरस्ता_पॉज
हिशेबनीस काका, सगळंच पगारपत्रक नसतं हो. दहावीच्या सुट्टीत आम्ही तासाला पैसे मोजून प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचो, भर मे महिन्यात, एका पंख्याखाली सहाजण. राजकुमारीला सोडवायला गेमच्या घड्याळात ६० मिनिटं, आणि खिशात तेवढ्याच वेळाचे पैसे. तो गेम मोबाईलवर मिळतोय तर नको का म्हणू?

टचवर मात्र खेळू नका, हे काकांचं खरं. कठड्याला लोंबकळायला शिफ्ट धरून ठेवावी लागते आणि काचेवर बोट घसरतं. मोबाईलला यूएसबी जोडणारी ओटीजीची वायर घ्या, साधा यूएसबी कीबोर्ड लावा. गेम भरधाव पळायला लागला तर कंट्रोल एफ११ नं सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, कमी करा. हे सुख खऱ्या संगणकावर नव्हतं. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम वेगवान पेंटियमवर रनटाइम एरर २०० देऊन उघडताक्षणी मरायचे. नकली मशीनला हळू चाल म्हणता येतं, खऱ्याला कुठं म्हणता?

डूम खेळणाऱ्यांसाठी जाता जाता: त्याचा सोर्स कोड १९९७ लाच खुला झालाय, त्यामुळे तो मोबाईलसाठी नव्यानं बांधलेला मिळतो. इम्युलेटरची, म्हणजे नकली मशीनची भानगडच नाही.

खडूस_हिशेबनीस
आणि ते गेम विकत घेतले होते का कुणी? जुना म्हणजे फुकटचा नव्हे. कॉपीराइट कायद्यात बॅकअपची मुभा आहे, पण ती ज्याच्याकडे प्रोग्रॅम रीतसर आहे त्याला.

सातरस्ता_पॉज
त्या फ्लॉपीला सहा हात लागले होते, काका. कुणाची होती ते आम्हालाही ठाऊक नाही.

आयफोनची_ईएमआय
मी डबा ठेवा या बाजूचा. आमच्याकडं बघा. आयडॉस नावाचं डॉस चालवणारं ॲप ॲपलनं २०२१ मध्ये स्टोअरवरून काढलं. मग एप्रिल २०२४ मध्ये गेमच्या इम्युलेटरना दार उघडलं. यूटीएम एसई या दुसऱ्या इम्युलेटरला आधी नाही म्हणाले, जुलैमध्ये हो म्हणाले. त्यातलं एसई म्हणजे 'स्लो एडिशन' बरं का! कोड चालता चालता भाषांतरित करून वेग वाढवायची परवानगी नाही, म्हणून नावातच कबुली. आपलं सामान दुसऱ्याच्या मर्जीवर का ठेवायचं? माळ्यावरच्या डब्याला कुणी स्टोअरमधून काढत नाही.

अँड्रॉइडवाल्यांनीही फार हसू नका. माझ्या भावानं ॲप उडवलं, त्याबरोबर ॲपचं फोल्डर गेलं, आणि त्यातले सेव्ह केलेले गेमही. बॅकअप वेगळ्या जागी ठेवा.

रेघोट्या
पोरा, एक विचारू? मागवाल्यांची नावं इंग्रजीत आहेत की मराठीत?

चादरवाल्याचा_पोरगा
ताई, तिथंच घोळ आहे, मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. आकडे बरोबर येतात. नावांच्या जागी नुसत्या रेघा, चौकटीचे कोपरे. शेऱ्याच्या रकान्यात तर एकच गोष्ट पन्नास वेळा: उलटं प्रश्नचिन्ह, मग एक कोपरा, मग इंग्रजी टीसारखं काहीतरी. मला वाटलं फाईल खराब झाली.

रेघोट्या
फाईल ठणठणीत आहे. नव्वदच्या दशकात मी हेच टंकत होते. पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलेलं असायचं, ते डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटवायचं. अक्षरं साठायची इस्की संकेतात, म्हणजे १२८ च्या वरच्या आकड्यांत. कार्ड नसेल तर डॉस त्याच आकड्यांना स्वतःची चित्रं दाखवतो. 'क' ची उभी रेघ होते, 'द' ची आडवी, 'ज' ची दुहेरी उभी. तुझ्या डॉसबॉक्सला त्या कार्डाचा पत्ताच नाही. त्यानं प्रोसेसरची नक्कल केली, साउंड ब्लास्टर या आवाजाच्या कार्डाची केली, आपल्या मराठीची नाही केली.

चादरीची नक्षी जॅकार्डच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांत असते, पण ते पुठ्ठे वाचणारा माग तर हवा! डबा देऊ नकोस. आधी उघडून बघ, कार्ड आहे का.

खडूस_हिशेबनीस
ताई, माहितीबद्दल आभार, पण निष्कर्ष पटला नाही. इस्की हे छापील मानक आहे, आयएस १३१९४, साल १९९१. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता आहे. वीस ओळींच्या स्क्रिप्टनं सगळं युनिकोडमध्ये येईल. कार्डाची पूजा कशाला?

रेघोट्या
करा की. पण बरोबर आलं की चुकलं, हे कशाशी ताडून बघणार?

चादरवाल्याचा_पोरगा
दोघांचंही ऐकलं. माळ्यावर चढलो. कार्ड आहे, लांबलचक, धुळीनं माखलेलं. संगणक मात्र चालू होत नाही, पॉवर सप्लाय गेलाय. मग खाली बसून काकांच्या तक्त्यानं एकेक अक्षर लावलं. उलटं प्रश्नचिन्ह म्हणजे 'उ'. कोपरा म्हणजे 'च'. टी म्हणजे 'ल'.

पन्नास वेळा 'उचल'. जानेवारी १९९८ च्या पानावर पुढं आणखी एक शब्द होता: 'गड्ड्यासाठी', म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "त्यातल्या निम्म्यांनी अजून फेडली नाही. यादी काढ."