जाम गेटच्या चढावर गाडीचा जोर एकाएकी कमी होतो

सुदामानगर

नमस्कार. माझी इलेक्ट्रिक गाडी चार वर्षांची असून ५२,००० किलोमीटर चालली आहे. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे. गेल्या रविवारी महेश्वरहून मंडलेश्वरमार्गे इंदूरला परतताना, जाम गेटच्या घाटात एका ट्रकला ओलांडण्यासाठी एक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि तेवढ्यात गाडीचा जोरच गेला. वेग ६० वरून ३५ वर आला, डॅशबोर्डवर कासवाचे चिन्ह दिसू लागले आणि पाय कितीही दाबला तरी गाडी ओढेना. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही मुले बसलेली होती, समोरून बस येत होती. कसाबसा मी पुन्हा ट्रकच्या मागे आलो. चार्जिंग तेव्हा ३४ टक्के होते आणि दुपारचे कडक ऊन होते. पुढे सावलीत दहा मिनिटे थांबलो, त्यानंतर गाडी घरापर्यंत नीट आली.

सर्व्हिस सेंटरने संगणक जोडून पाहिले, कोणताही एरर कोड नोंदलेला नाही असे सांगितले आणि सॉफ्टवेअर अपडेट करून गाडी परत दिली. काल बायपासवर पुन्हा तोच प्रकार घडला. नेमके काय तपासावे?

महूकर

आपण दहा मिनिटे थांबलात म्हणून जोर परत आला, की पाय उचलताच आला असता, हे आपण पाहिलेले नाही, आणि माझ्या मते सगळा उलगडा तिथेच आहे. मोटर, इन्व्हर्टर किंवा बॅटरी तापल्यामुळे जोर कमी केला गेला असेल, तर तो परत यायला काही मिनिटे लागतात, कारण तापलेली वस्तू निवायला वेळ लागतोच. याउलट एखाद्या सेलचा व्होल्टेज भाराखाली कोसळत असेल, तर पाय उचलल्यावर तो काही सेकंदांत सावरतो आणि गाडी पुन्हा पूर्ववत ओढू लागते.

याचे कारण असे की, बॅटरीतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे सर्वांतून तेवढाच विद्युतप्रवाह जातो, आणि बॅटरीवर देखरेख करणारी बीएमएस यंत्रणा सरासरीकडे नव्हे, तर सर्वांत दुबळ्या सेलकडे पाहून मर्यादा ठरवते. एलएफपी सेलचा नेहमीचा व्होल्टेज सुमारे ३.२ असतो आणि साधारणपणे २.५ च्या खाली त्याला जाऊ द्यायचे नसते. सेलचा अंतर्गत रोध १ मिलिओहम असेल, तर १५० अँपिअरला व्होल्टेज ०.१५ ने उतरतो. तोच रोध साडेतीन मिलिओहम झाला, तर अर्ध्या व्होल्टहून अधिक उतरतो. बाकीचे सगळे सेल धडधाकट असले, तरी त्या एकासाठी साऱ्या गाडीचा जोर आवरता घ्यावा लागतो. हा बिघाड नसून संरक्षण आहे असे यंत्रणा समजते, म्हणून कित्येकदा कोडही नोंदला जात नाही.

आपल्या गाडीला चालणारे ब्लूटूथ ओबीडी उपकरण (गाडीच्या तपासणी-सॉकेटला जोडून तिच्या संगणकातले आकडे मोबाइलवर पाठवणारे) आणि सेलनिहाय व्होल्टेज दाखवणारे ॲप मिळवावे. सकाळी, गाडी थंड असताना, मोकळ्या रस्त्यावर एक्सिलरेटर पूर्ण दाबून आणि मग पाय उचलून प्रयोग करावा; आकडे मात्र शेजारी बसलेल्याने टिपावेत, चालवणाऱ्याने नव्हे.

बडोदेकर

त्याआधी कूलंटची पातळी पाहावी आणि रेडिएटरच्या जाळीत धूळ साचली आहे का तेही पाहावे; माझ्या गाडीत दोष तेवढाच निघाला होता. पातळी कमी असली, तर नळाचे पाणी कृपा करून ओतू नये. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत विजेला कमी वाहक असे खास कूलंट लागते. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी वायरींना तर हातही लावू नये.

सुदामानगर

दोघांचेही मनापासून आभार. कूलंट ठीक आहे, जाळी स्वच्छ आहे. आज सकाळी सहा वाजता धाकट्या भावाला शेजारी बसवून बायपासवर गेलो. चार्जिंग ३६ टक्के होते. एक्सिलरेटर दाबताच प्रवाह १५० अँपिअरपर्यंत चढला. बाकीचे सेल ३.१२ च्या आसपास होते, पण ४७ क्रमांकाचा सेल २.७४ वर उतरला आणि कासव उमटले. पाय उचलल्यावर तीन-चार सेकंदांत जोर परत आला. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा ४७ च.

महूकर

मग उष्णतेचा प्रश्न मिटला. आता आणखी एकच गोष्ट पाहावी. पाय उचलल्यावर, रीजनमुळे (गाडीचा वेग कमी होताना मोटरनेच वीज निर्माण केल्यामुळे) बॅटरीत प्रवाह परत जात असताना, हाच सेल इतरांपेक्षा वर जातो का? खालीच राहिला, तर त्याच्यात साठाच कमी आहे, आणि अशा वेळी घरच्या संथ चार्जरवर १०० टक्के भरून रात्रभर तसेच ठेवल्याने सेलमधला असमतोल काही अंशी भरून निघू शकतो. वर उसळला, तर रोध वाढलेला आहे: एक तर सेलच्या आत, नाही तर त्याला जोडणाऱ्या तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या सैल जोडात. जोड सैल असेल, तर तो कसण्याने काम भागेल, पण सैल जोड तापतो, म्हणून दिरंगाई करू नये. तोवर चार्जिंग निम्म्याच्या वर ठेवावे आणि ट्रक ओलांडण्याचा मोह टाळावा.

सुदामानगर

पाहिले. रीजनच्या वेळी १०० अँपिअरला बाकीचे ३.३७ वर होते आणि ४७ थेट ३.६१ वर गेला. पूर्ण चार्ज करूनही फरक पडला नाही. भावाने मोबाइलवर टिपलेले सर्व पडदे छापून, लेखी तक्रारीला जोडून दिले. बॅटरीची वॉरंटी शिल्लक आहे, त्यामुळे या वेळी त्यांनी बॅटरी उतरवून ४७ क्रमांकाच्या दोन्ही बाजूंचे जोड तपासण्याचे लेखी मान्य केले आहे. गाडी सोमवारी द्यायची आहे. काय निघाले ते इथेच कळवीन.