सल्ला हवा: मंत्रांचं सामान गावातच कसं जमवायचं?

मोहाखाली:
नमस्कार मंडळी. सुट्टीत 11 ते 14 वयाच्या पाच पोरांना डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, पात्रं होऊन गोष्ट रचायचा खेळ) खेळवायचं आहे, नियम पाचव्या आवृत्तीचे, 2014 च्या पुस्तकातले. दोघं जादूगार, एक ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा), बाकी दोघं लढवय्ये. त्यात बऱ्याच मंत्रांना काही ना काही वस्तू लागतात. कागदावर "पीस, डिंक, तार" लिहून खोडत बसण्यापेक्षा बटव्यात हातात धरता येईल असं सामान असावं असं वाटते. गाव भंडारा जिल्ह्यात, जंगलाला लागून. बाजार आठवड्यातून एकदा भरते. काय जमवू, काय टाळू? ऑनलाइन काही मागवायचं नाही.

धुऱ्यावरून:
भाऊ, आधी नियम नीट बघा म्हणजे अर्धी धावपळ वाचते. ज्या वस्तूची किंमत मंत्रात लिहिलेली नाही, ती खेळातल्या 25 सोन्याच्या नाण्यांना भेटणाऱ्या बटव्यात आहेच असं धरतात आणि ती संपत नाही. अशा वस्तूचा एकेक नग पुरे. किंमत लिहिलेली असेल तर ती वस्तू खरंच जवळ पायजे, आणि "वापरल्यावर नष्ट" असं असेल तर ती गेलीच. तेवढ्याच मोजून करा.

आता गावात काय भेटते ते सांगतो.

अदृश्य होण्याच्या मंत्राला डिंकात गोठवलेला पापणीचा केस लागते. आपल्याकडे बाभूळ आहे, धावडा आहे. धावड्याचा डिंक फिका आणि जास्त पारदर्शक, तोच घ्या. दोन भाग डिंक, एक भाग पाणी, रात्रभर भिजवा, सकाळी सुती फडक्यातून गाळा. बाटलीच्या प्लास्टिकच्या झाकणाला आतून तेलाचं बोट फिरवा, 3 मिलिमीटर थर ओता, एक दिवसानं केस ठेवा, वरून दुसरा थर. सावलीत पाच-सहा दिवस. घाई करून उन्हात ठेवलं की वरची साय आधी वाळते, आतलं पाणी अडकते, मग बुडबुडे येतात आणि तडा जाते. चांगला जमला तर चकती मधाच्या रंगाची होते आणि दिव्यापुढे धरली की केस स्पष्ट दिसते.

ड्रुइडच्या गुडबेरी मंत्राला मिसलटोची डहाळी लागते. आपलं आंब्यावरचं बांडगूळ त्याच जातकुळीतलं, दुसऱ्या झाडाच्या जिवावर जगणारं. वीतभर डहाळी तोडा, आंब्याचंही भलंच होते. वहीत दाबून वाळवा. मोकळी वाळवली तर पानं गळतात. मंत्रातून दहा फळं निघतात, म्हणून सोबत दहा सुकी बोरं मोजून द्या. प्रत्येक फळ एक हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचा गुण) देते, पोरानं ते खरंच खाऊन टाकावं.

बार्कस्किन मंत्राला ओकची साल लिहिली आहे. ऐनाची घ्या. मगरीच्या पाठीसारखे चौकोन असतात, हाताला फार छान लागते. गळून पडलेलीच उचला, उभ्या झाडाची सोलू नका. हेस्टला ज्येष्ठमधाचा तुकडा, काष्ठौषधीच्या दुकानात भेटते. मेसेजला तांब्याची तार: पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करतो त्याच्याकडे वीतभर मागा, पेन्सिलीला गुंडाळून काढा. फेदर फॉलला बारीक पीस लिहिलं आहे, त्याऐवजी सावरीचा कापूस. बोंडं एप्रिल-मे मध्ये फुटतात, वारा सुटायच्या आत गोळा करा.

वैनगंगाकाठ:
वरच्या यादीत हिरे राहिले. मेलेल्या पात्राला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफाय मंत्राला 300 नाण्यांचे हिरे लागतात आणि ते नष्ट होतात, म्हणून ते मोजूनच हवे. खडीसाखर अजिबात नको, मुंग्या लागतात आणि पोरं खाऊन टाकतात. तुरटीचे खडे वाढवा.

200 मिली गरम पाण्यात 50 ग्रॅम कुटलेली तुरटी विरघळवा, गाळा, रात्रभर ठेवा. तळाशी बारीक खडे जमतात. त्यातला नीट आठ पैलूंचा एक निवडा, बारीक धाग्याला बांधा. वरचं पाणी दुसऱ्या ग्लासात काढून त्यात तो अधांतरी सोडा, तोंडावर कागद ठेवा. आठवडाभरात बोराएवढा होते.

आपल्याकडे बिघडते कुठे, तर दुपारी. पाणी तापलं की तुरटी जास्त विरघळते, म्हणजे मे मधल्या 44 अंशांत रात्री वाढलेला खडा दुपारी परत झिजते, कडा गोल होतात. ग्लास घमेल्यातल्या ओल्या वाळूत अर्धा पुरा आणि घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा. कूलरच्या फळीवर नको, हादऱ्यानं एकाऐवजी शंभर बारीक खडे पडतात. तयार खडा कोरड्या हवेत पांढरा पडते, म्हणून पुसून त्याच दिवशी नेलपॉलिशचा बिनरंगी हात द्या.

तेंदूपान:
टाळायचं ते मी सांगते, हे जमवण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

गुंज दिसायला जादूचीच, पण बटव्यात नको. तिच्यात अब्रिन असते. बी चावली किंवा माळेसाठी भोक पाडलं तर जीवावर बेतू शकते. लाल-काळा डोळा हवाच असेल तर लाकडी मणी रंगवा. बिब्ब्याला हातही लावू देऊ नका, तेलानं फोड येतात. रुईच्या म्हाताऱ्या गोळा करताना चीक डोळ्यात जाते. बोंड झाडावर वाळून उकललेलं असेल तेव्हाच घ्या.

आयडेंटिफायला मोती आणि घुबडाचं पीस सांगितलं आहे. घुबडाचं पीस, साळिंदराचे काटे, खवले मांजराचे खवले, सगळं 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकते, सापडलं तरी घरी आणू नका. कोंबडीचं पांढरं पीस कडक काळ्या चहात तासभर बुडवा, वाळल्यावर तपकिरी पेनानं आडवे पट्टे ओढा. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लिहिलं आहे. पडक्या वाड्यातून ती खरवडायला पोरांना पाठवू नका, त्या धुळीतून फुफ्फुसाचा बुरशीचा आजार होऊ शकते. दोन चमचे चुलीची राख, अर्धा चमचा हळद, डिंकाचं पाणी, कंच्याएवढी गोळी.

नखं, दात असलं काही हवं असेल तर वाघनखीच्या वाळक्या शेंगा घ्या. पडीक जमिनीत भेटतात, काळ्या, दोन आकड्यांच्या. टोकं काचपेपरनं बोथट करा, बोटात रुततात. ड्रॅगनच्या अंड्यांना गजगे. अभयारण्याच्या हद्दीतून काहीच उचलायचं नाही, धुऱ्यावर आणि गावठाणात पुरेसं आहे.

मोहाखाली:
ताई, भाऊ, फार मोलाचं सांगितलं. काढ्याच्या बाटल्यांत काय भरू? पळसाची फुलं वाळवून ठेवली आहेत.

तेंदूपान:
दोन ओंजळी वाळली फुलं एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा. केशरी-पिवळा रंग येते. चिमूटभर खायचा सोडा टाकला की गडद केशरी होते. पण हे पाणी उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबते, बूच घट्ट असेल तर उडते. खेळाच्या सकाळीच करा, बाटली पाऊण भरा.

कुंपणावर निळी गोकर्ण असेल तर तिचा काढा सगळ्यात सरस. बारा फुलं, कपभर गरम पाणी, दहा मिनिटं. गडद निळं. पोरानं मंत्र म्हणत लिंबाचे थेंब टाकले की जांभळं होते, आणखी पिळलं की गुलाबी. एका खेळाला दोनच बाटल्या ठेवा.

धुऱ्यावरून:
साल, शेंगा, गजगे दोन दिवस कडक उन्हात घालून मगच बटव्यात भरा, नाहीतर भुंगा लागते. डिंकाची चकती मात्र वेगळ्या आगपेटीत, मेणकागदात. मृग लागला की ती ओल ओढून चिकट होते आणि सावरीचा सगळा कापूस तिलाच चिकटते.