महाटेंडर्सवर 'शंभर टक्के' म्हणजे नेमकं काय?

खडीकरण: महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-निविदा पोर्टलबद्दल कालच्या धाग्यावर एका सदस्याने लिहिलंय, "महाटेंडर्स आलं आणि टेंडर मॅनेज होणं बंद झालं. सगळ्या निविदा ऑनलाइन, म्हणजे अंमलबजावणी शंभर टक्के." राहवलं नाही. निविदा उघडायला किमान दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या लागतात ना? आमच्याकडच्या एका कार्यालयात या सह्यांचे दोन्ही डोंगल (संगणकाला लावायच्या यूएसबी किल्ल्या) एकाच ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पिन चिकटपट्टीवर लिहिलेले. साहेब साइटवर, सह्या चालू! मोजायचंच तर एकेका कामाला किती ठेकेदार आले, मुदत किती दिली, ते मोजा.

जुना_लेखापाल: तुम्ही ड्रॉवर पाहिलात, मी कागदी निविदांची पेटी पाहिलीय. कोरा फॉर्म मागायला गेलं की "संपले", आणि दारात चार पोरं उभी. आता बयाणा (निविदेसोबतची अनामत) घरबसल्या भरता येतो. हे काहीच नाही?

खडीकरण: पोरं दारातून उठली, मान्य. आता ती अटींत बसतात. 'डांबर प्लांट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत.' तालुक्यात प्लांट कुणाचा, हे शेंबडं पोरगंही सांगेल. शिवाय ई-निविदेची मर्यादा तीन लाख होती, तेव्हा त्या मर्यादेच्या आत राहायला एका रस्त्याचे किती तुकडे पडायचे, आठवतंय का?

बिलो_पीडित: अटी सोडा हो, बिलोचं, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दर भरण्याचं बोला! पंचवीस टक्के बिलो भरून काम घ्यायचं आणि डांबर खायचं. आमचा रस्ता पहिल्याच पावसात गेला.

जुना_लेखापाल: बिलोचा पोर्टलशी काय संबंध? स्पर्धा वाढली म्हणून दर पडले.

बिलो_पीडित: स्पर्धा? एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, दिसला की डोळे मिटून वर्कऑर्डर! आयुष्यभर खुर्चीत बसलेल्यांना खड्डे कुठून दिसणार?

जुना_लेखापाल: फार बिलो भरणाऱ्याकडून जादा अनामत घेतात ती कशासाठी? आणि माझ्या खुर्चीवर घसरायचं काम नाही.

इंदूरकर: आमच्या मध्य प्रदेशात जल निगमच्या निविदांमध्ये पोर्टलवरच छेडछाड झाल्याचं २०१८ मध्ये बाहेर आलं, २०१९ मध्ये गुन्हा नोंदवला. तिथेही सगळं ऑनलाइनच होतं बरं का.

जुना_लेखापाल: आणि सापडलं कशामुळे? संगणकात खुणा राहिल्या म्हणून. लाकडी पेटीत पाकीट बदललं असतं तर इंदूरपर्यंत बातमीसुद्धा आली नसती.

खडीकरण: बरं, खुणा राहतात हे पोर्टलचं पुण्य, घ्या. पण ड्रॉवरवाल्या ऑपरेटरची सही साहेबांच्याच नावाने नोंदली जाते. ती कोण कशी पकडणार?

बिलो_पीडित: बिलोवर कुणी बोलणार आहे का?