शब्दचर्चा: ‘पार्श्वप्रकाश’ म्हणजे नेमका कुठला लाईट?

ब्रह्मपुरी, स्टुडिओत हाताखाली काम करणारा विद्यार्थी

फोटोग्राफीचा कोर्स करून राहिलो आहे आणि संध्याकाळी गावातल्या एका स्टुडिओत हाताखाली असतो. कोर्सच्या मराठी नोट्समध्ये पोर्ट्रेटसाठी तीन प्रकाश दिलेत: मुख्य प्रकाश, पूरक प्रकाश आणि पार्श्वप्रकाश. पहिले दोन समजले. तिसऱ्याला आकृती नाही, नुसतं एक वाक्य आहे, ‘पार्श्वप्रकाशामुळे व्यक्ती उठून दिसते.’ मी म्हणतो पार्श्व म्हणजे बाजू, तर लाईट कानाच्या रेषेत पाहिजे. सोबतचा पोरगा म्हणतो पार्श्वभूमीवर, म्हणजे पडद्यावर मारायचा. मालक म्हणतात दोघंही चूप बसा, तो मागून डोक्यावर येतो. शब्दाच्या हिशेबानं कोण बरोबर?

वर्धा, निवृत्त मराठी शिक्षक

तिघेही, आणि तीच पंचाईत आहे. संस्कृतात ‘पार्श्व’ म्हणजे कूस, बरगड्यांची बाजू. मराठीनं तो शब्द हळूहळू मागे सरकवला. पार्श्वभूमी माणसाच्या मागे असते, बाजूला नाही. पार्श्वगायक पडद्यामागे गातो. पार्श्वभाग तर थेट बसण्याच्या जागेला म्हणतात. तो शब्द फळ्यावर लिहिला की नववीचा वर्ग बराच वेळ हाती लागत नसे. तेव्हा बाजू, पाठीमागचा कोपरा की मागचा पडदा, यांपैकी काय घ्यायचं हे ‘पार्श्वप्रकाश’ सांगत नाही. परिभाषेनं निदान एवढं तरी सांगायला हवं. मी ‘पृष्ठप्रकाश’ सुचवतो. पृष्ठ म्हणजे पाठ. वाद मिटला.

पुसद, स्टुडिओवाला

गुरुजी, पृष्ठ म्हटलं की माह्या पोराले वहीचं पान आठवते. वाद काही मिटत नाई.

लेकरा, दुकानातले शब्द ऐक. मेन लाईट, फिल लाईट, मागून डोक्यावर येतो तो हेअर लाईट, अन् पडद्यावर पडतो तो पडद्याचा लाईट. म्हंजे तुह्या नोट्सनं एका शब्दात दोन लाईट कोंबले. दोघांचंही काम माणसाले पडद्यापासून सुटा करनं, म्हनून ते ‘उठून दिसते’ वाक्य दोघांलेही लागू पडते. पन रीत वेगळी हाय.

हेअर लाईट पाय. आपल्याकडे केस काळे, त्यात तेल लावलेलं, अन् पडदा गडद निळा नाईतं करडा. मागून उजेड नसला तं डोकं पडद्यात विरघळते, कान कुठं संपला अन् पडदा कुठं सुरू झाला समजत नाई. म्हनून स्टँड मागं, डोक्याच्या वर, अन् तोंड खाली. केसावर अन् खांद्यावर बारीक कड उमटली पाह्यजे, बस. नाकाच्या शेंड्यावर उजेड आला तं समज लाईट लय पुढं आला. हा लाईट कॅमेऱ्याकडे तोंड करून असते, म्हनून त्याले जाळी लाव नाईतं काळा पुठ्ठा आडवा धर. न लावला तं लेन्समधी उजेड घुसते अन् सगळा फोटो पांढुरका होते. टक्कल असलेला माणूस बसला तं सरळ बंद कर, फोटोत दुसरा बल्ब पेटल्यावानी दिसते.

पडद्याचा लाईट माणसाच्या पाठीमागं खाली लपवाचा, तोंड पडद्याकडे. मधात उजेड, कडेले गडद असा पडदा येते. अन् माणूस पडद्यापासून पाच-सहा फूट पुढं बसव. चिकटून बसवला तं मेन लाईटची सावली पडद्यावर जाते, अन् पासपोर्ट फोटोत तेच चालत नाई.

ब्रह्मपुरीचा विद्यार्थी

समजलं, भाऊ. मालक म्हणत होते तो हेअर लाईट आणि सोबतचा पोरगा म्हणत होता तो पडद्याचा. माझा कानाच्या रेषेतला लाईट मग तिसराच.

अजून एक. नोट्समध्ये लिहिलंय, ‘स्त्रियांच्या व मुलांच्या छायाचित्रासाठी सौम्य प्रकाश वापरावा.’ म्हणून मी फ्लॅशची पॉवर कमी केली. मालकांनी पॉवर होती तशी केली आणि फ्लॅशला लावलेली छत्री चेहऱ्याजवळ ओढली. जवळ आणल्यावर तर उजेड वाढेल ना? मग सौम्य कसा?

अमरावती, चित्रकला शिक्षिका

तुझ्या मालकांचं बरोबर आहे. ‘सौम्य’ शब्दानं मुलं नेहमी फसतात, कारण बोलण्यात आपण सौम्य आणि मंद एकच धरतो. प्रकाशात त्या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. उजेड किती, याचं उत्तर प्रखर किंवा मंद. उजेड आणि अंधार जिथे भेटतात ती कड कशी, याचं उत्तर कडक किंवा मऊ. मी वर्गात ‘मऊ’च म्हणते. बोटानं कड चाचपून पाहिल्यासारखा शब्द आहे.

कड मऊ होते ती दिवा चेहऱ्याच्या मानानं केवढा दिसतो यावरून. सूर्य केवढातरी प्रचंड, पण इतका लांब की आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. म्हणून मे महिन्यातल्या उन्हात नाकाची सावली सुरीनं कापल्यासारखी येते. आषाढात ढग भरून आले की सगळं आकाशच दिवा होतं आणि अंगणात उभ्या माणसाची सावली शोधावी लागते. छत्री जवळ ओढली की चेहऱ्याला ती मोठी दिसते, म्हणून कड मऊ. उजेड वाढतो तो वेगळा, त्यासाठी कॅमेऱ्याचं छिद्र लहान करायचं. उलट लहान दिव्याची पॉवर कितीही उतरवली तरी तो मंद होईल, मऊ होणार नाही.

पुसद, स्टुडिओवाला

ताई बरोबर सांगून राहिल्या, एक जोडतो. अंतर दुप्पट केलं तं उजेड अर्धा नाई, चौथाई होते. म्हंजे दोन स्टॉप (उजेड अर्धा झाला की एक स्टॉप). छत्री लय जवळ आनली की इकडचा गाल भरून येते अन् तिकडचा कान अंधारात जाते. तिथं थर्माकोलचा पांढरा तुकडा धराचा, तेच तुह्या नोट्सचं ‘पूरक’. दुसरा फ्लॅश पाह्यजेच असं नाई.

वर्धा, निवृत्त मराठी शिक्षक

ताईंनी ‘नाकाची सावली’ म्हटलं. नोट्समध्ये बहुधा ‘छाया’ असेल. हे दोन्ही एकच धरायचे का? फोटोला आपण छायाचित्र म्हणतो, सावलीचित्र म्हणत नाही.

अमरावती, चित्रकला शिक्षिका

एकच धरायचे नाहीत. चित्रकलेच्या वर्गात आम्ही तीन शब्द वापरतो. वस्तूची जी बाजू दिव्याकडे पाठ करून असते ती छायेत असते. वस्तूनं उजेड अडवल्यामुळे दुसरीकडे जो गडद आकार पडतो ती पडछाया. रोजच्या बोलण्यातली सावली ही बहुतेक वेळा ही पडछायाच असते. उजेडापासून गडदापर्यंतच्या पायऱ्यांना छायाभेद म्हणतो.

हा फरक पाहायला विदर्भाइतकी सोयीची जागा नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैत, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नागपूरला तो दिवस २६ मेच्या आसपास असतो, चंद्रपूरला त्याच्या चार-पाच दिवस आधी. शून्य सावली दिवस म्हणून खगोलवाली मंडळी बाटली किंवा पाइपचा तुकडा उन्हात उभा करून दाखवतात: जमिनीवर पडछाया नाही. आता त्याच मिनिटाला शेजारी उभ्या मुलाचा चेहरा पाहा. भुवयांखाली डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, नाकाखाली काळं, हनुवटीखाली पूर्ण काळोख. जमिनीवर काही नाही आणि सगळं चेहऱ्यावर गोळा झालेलं. पोर्ट्रेटसाठी एवढा वाईट उजेड वर्षभरात दुसरा नसेल. म्हणून तर मेन लाईट थेट डोक्यावर ठेवत नाहीत, समोरून तिरपा आणि डोळ्यांच्या थोडा वर ठेवतात.

याला जोडून एक. जुनी पुस्तकं सांगतात की स्टुडिओची खिडकी उत्तरेला असावी, तिथून थेट ऊन येत नाही. हा सल्ला युरोपातून आलाय. आपल्याकडे मार्च ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, आणि शून्य सावलीच्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत दुपारीही उत्तरेकडे झुकलेला असतो. उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीतूनही सकाळ-संध्याकाळ तिरीप आत येते. पांढरा पडदा लावावाच लागतो.

ब्रह्मपुरीचा विद्यार्थी

मग पोर्ट्रेटमध्ये मेन लाईट कुठे ठेवायचा त्याची रेम्ब्रांट, लूप, बटरफ्लाय ही नावं छायेवरून की पडछायेवरून?

अमरावती, चित्रकला शिक्षिका

चांगलं विचारलंस. तिन्ही नाकाच्या पडछायेवरून ओळखायची. दिवा बरोबर समोर आणि वर असला की नाकाखाली पंख पसरल्यासारखा छोटा आकार पडतो, तो बटरफ्लाय. १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या नट्यांचे फोटो असे घेत, मार्लीन डिट्रिचचे तर खास. दिवा थोडा बाजूला नेला की नाकाची पडछाया ओठाच्या दिशेनं तिरपी उतरते पण गालाला पोचत नाही, तो लूप. आणखी बाजूला आणि वर नेला की ती गालाच्या छायेत जाऊन मिळते आणि त्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. तो रेम्ब्रांट. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नको आणि नाकापेक्षा लांब नको. रेम्ब्रांट (१६०६–१६६९) हा डच चित्रकार. त्याच्या चित्रांतल्या चेहऱ्यांवर असा उजेड दिसतो म्हणून फोटोवाल्यांनी नंतर त्याचं नाव दिलं.

दिवा आणखी बाजूला, कानाच्या रेषेत आला की अर्धा चेहरा उजेडात, अर्धा छायेत. त्याला स्प्लिट म्हणतात. तू ‘पार्श्व’चा अर्थ लावून लाईट जिथे म्हणत होतास ती हीच जागा.

वर्धा, निवृत्त मराठी शिक्षक

म्हणजे पुस्तकी अर्थानं खरा पार्श्वप्रकाश हा स्प्लिट. नोट्स लिहिणाऱ्याच्या गावीही नसेल.

वरुड, फोटोग्राफर (लग्नाचे आणि स्थळासाठीचे फोटो)

तुमची चर्चा चालली आहे तर ‘उजळ’ या शब्दाचं काहीतरी करा. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त भांडण त्यावरून होतं. स्थळासाठी फोटो काढायला मुलगी येते, सोबत आई, मावशी. ‘ताई, फोटो जरा उजळ काढा.’ मी लाईट वाढवला की म्हणतात, असा नाही. त्यांना फोटो उजळ नको असतो, मुलगी उजळ पाहिजे असते. एकाच शब्दात प्रकाशाचं माप पण आहे आणि कातडीचा रंग पण.

मी आता विचारते, ‘चेहऱ्यावर उजेड कमी वाटतो का?’ असं विचारलं की अर्ध्या जणी फोटो नीट पाहतात आणि म्हणतात, नाही, बरोबर आहे. सावळ्या चेहऱ्याला लाईट वाढवून काही मिळत नाही, कपाळ आणि गालाचं हाड फटफटीत होतं आणि बाकी चेहरा सपाट. त्यापेक्षा मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआड दिवा असलेली पेटी, बाजूनं लावायचा. त्याची रुंद चमक गालावर येते आणि चेहऱ्याला घडण मिळते. कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडलं तर गोंधळ आणखी वाढतो, कारण त्याचं उजेड मोजणारं मीटर समोरच्या सगळ्याला मधल्या करड्याकडे ओढतं. नवरीच्या पांढऱ्या किंवा जरीच्या साडीनं चौकट भरली तर चेहरा आणखी गडद येतो. आणि मग मावशी म्हणते, ‘पाहा, फोटोत काळी आली.’

वर्धा, निवृत्त मराठी शिक्षक

‘उजळणे’ या क्रियापदाला रंगाचा वास नव्हता हो. भांडी उजळतात, पाढे उजळतात, आकाश उजळतं. विशेषण म्हणून माणसाला लावलं तेव्हापासून ते बाटलं.

वडसा, नाटकाचा लाईटवाला

आमच्याकडचा शब्द कोणी घेतलाच नाही जी. फोकस. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की रातभर हाच शब्द. ‘हिरोवर फोकस मार’, ‘लाल फोकस दे’, ‘फोकस फिरव’. फोकस म्हणजे दिवा. आता नाटकाच्या पोस्टरसाठी नटांचे फोटो काढाले स्टुडिओत गेलो. फोटोवाला ओरडला, ‘अरे, फोकस गेला!’ मी वायर पाहत बसलो. त्याचा फोकस लेन्समधला, फोटो धूसर आला होता.

पोस्टरमधल्या खलनायकाले आम्ही खालून लाईट मारतो. भुवयांच्या सावल्या वर जातात, माणूस भेसूर दिसते. याले मराठीत काही शब्द आहे का?

वर्धा, निवृत्त मराठी शिक्षक

खालून मारलेल्या उजेडाला वेगळा शब्द माझ्या वाचनात नाही. ‘खालचा लाईट’ पुरे. फोकसबद्दल मात्र तुमची बाजू घेतो. मूळ लॅटिन ‘फोकस’ म्हणजे चूल. किरण जिथे एकवटतात त्या बिंदूला तो शब्द केप्लरनं १६०४ साली लावला. म्हणजे लेन्सवाल्यांनी तो चुलीकडून घेतला, तुम्ही दिव्याला दिला. चुलीच्या जवळचे तुम्हीच.

पुसद, स्टुडिओवाला

गुरुजी, तसं केलं तं दुकानात रोज वायरच पाहात बसू. आमच्यासाठी फोकस लेन्सचाच राहू द्या. ज्याचा त्याचा.

ब्रह्मपुरीचा विद्यार्थी

सगळ्यांचे आभार. परीक्षा जवळ आली आहे. पेपरात ‘पार्श्वप्रकाश म्हणजे काय’ आलं तर काय लिहू? नोट्सचं वाक्य लिहिलं तर तपासणाऱ्याला वाटेल पाठ केलं, आणि हेअर लाईट लिहिलं तर म्हणेल प्रश्न वाचला नाही.

पुसद, स्टुडिओवाला

वरून पाहिल्यावानी आकृती काढ. खाली कॅमेरा, मधात माणूस, वर पडद्याची रेघ. मेन लाईटचा गोल कॅमेऱ्याच्या डाव्या हाताले, फिल उजव्या. हेअर लाईटचा गोल माणूस अन् पडद्याच्या मधात, पन कॅमेऱ्याच्या चौकटीच्या बाहेर, बाण माणसाच्या डोक्याकडे. पडद्याचा लाईट माणसाच्या बरोबर मागं, बाण पडद्याकडे. दोन्ही गोलांले ‘पार्श्वप्रकाश’ लिही अन् खाली एक-एक ओळीत काम सांग. कोन्ता पाह्यजे तो तपासणारा निवडून घेईल.