माडीच्या सागवानी फळ्या पूर्ण न घासता उजळता येतील का?

प्रश्न (खानापूर)
आमच्या जुन्या घराच्या माडीवर सागवानी फळ्यांची जमीन आहे. जिन्यापासून गॅलरीपर्यंतच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पॉलिश गेले आहे, बाकी खोलीत ते अजून टिकून आहे. मिस्त्री सगळ्या फळ्या मशीनने घासायला सांगतात; परंतु फळ्या आधीच झिजल्या आहेत आणि त्यांच्या खालीच स्वयंपाकघर असल्याने सगळी धूळ फटींतून तिथे उतरेल. वरच्यावर काही उपाय आहे का?

उत्तर (शहापूर, बेळगाव)
आधी जुने पॉलिश कोणते आहे ते ओळखावे, कारण पुढचे सारे त्यावरच ठरते. कपाटाखालच्या कोपऱ्यात स्पिरिटने भिजवलेला पांढरा कपडा थोडा वेळ दाबून धरावा. पृष्ठभाग चिकट होऊन कपड्याला तपकिरी रंग लागला, तर ते चपड्याचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, पॉलिश होय. टर्पेंटाइनने पुसल्यावर पिवळसर थर निघाला, तर मेण समजावे. काहीच न निघाल्यास बहुधा पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक थर) किंवा वार्निश असते. चपडा असेल तर काम सोपे आहे, कारण नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो आणि केवळ झिजलेली वाट दुरुस्त करता येते. पीयूचे तसे नसते. २२० नंबरच्या पॉलिशपेपरने जुनी चमक मारून, धूळ टिपून, एक हात खोलीभर द्यावा लागतो, अन्यथा जोड दिसतो. मेणावर मात्र पीयू धरतच नाही.

उत्तर (निपाणी)
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त हे काम पावसाळ्यात काढू नये. आपल्याकडच्या, त्यातही खानापूरच्या, दमट हवेत चपडा पांढरट पडतो. कोणी जवसाचे तेल सुचवले तर ते चपड्यावर लावू नये, कारण ते मुरत नाही आणि वर चिकट राहून धूळ धरते. उघड्या लाकडाला ते चालते. मात्र तेलाचे बोळे गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ते उघड्यावर पसरून वाळवावेत.

प्रश्नकर्ता
कपड्याला तपकिरी रंग लागला. गॅलरीच्या दाराशी खिळ्यांभोवती काळे डागही आहेत, त्यांचे काय करावे?

उत्तर (शहापूर, बेळगाव)
म्हणजे चपडाच आहे. ते डाग लोखंड आणि ओल यांमुळे पडतात. तेवढ्या जागेचे पॉलिश काढून ऑक्झॅलिक ॲसिडचे पाणी हातमोजे घालून लावावे, नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून लाकूड पूर्ण वाळू द्यावे. पॉलिश चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि खालचा गॅस बंद ठेवावा. फटींतून धुळीप्रमाणे स्पिरिटची वाफही खाली उतरते.